पान तोडण्याआधी शीट

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझी मेल वाचली. पावागडावरच्या खरपुडीचा (सिरोपेजियाचा) जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचायचाय आणि त्यासाठी पॅकबायो की नॅनोपोर, या लांब तुकडे वाचणाऱ्या दोन यंत्रांत तू आठवडाभर अडकलीस. अगं, ते तुझं बजेट आणि डीएनएची लांबी ठरवतील. तू विचारलं नाहीस ते मी विचारतो: ज्या वेलीचं पान नळीत जाणार, तिची हर्बेरियम शीट, म्हणजे दाबून, वाळवून कागदावर चिकटवलेला नमुना, कुठे आहे?

हा म्हातारपणाचा हट्ट नव्हे. आमच्या पिढीने पानं गोळा केली, मार्कर (डीएनएचे ओळखीचे तुकडे) चालवले, पेपर छापले आणि शीट ठेवल्या नाहीत. आज त्यातला एखादा सीक्वेन्स भलत्याच जातीचा वाटला, तर पडताळायला हातात काही नाही.

सिरोपेजियाच्या कंदवाल्या जाती फुलावाचून ओळखताना भलेभले फसतात. म्हणून पावसाळ्यात, फूल असतानाच जा. दाबलं की फुलाची नळी चपटी होते, रंग उडतो. एक फूल दाब, दुसरं ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेव, तिसरं उभं चिरून आतले केस आणि कोरोना (फुलातला! मधला मुकुटासारखा भाग) यांचे मोजपट्टीसकट फोटो घे. कंद उपटायचा नाही, एक फांदी पुरे. वेलीला तीनच फुलं असतील तर एक घे, बाकीचं काम कॅमेऱ्यावर. वहीत तारीख, जीपीएस, उंची, माती, ताज्या फुलाचा रंग आणि वास. वहीतला क्रमांकच शीटवर, बाटलीत, पान वाळवायच्या सिलिकाच्या पाकिटावर आणि नळीवर. बाटलीतली चिठ्ठी पेन्सिलने लिही, अल्कोहोलमध्ये शाई विरघळते. शीट बडोद्याच्या युनिव्हर्सिटीच्या 'बारो' हर्बेरियममध्ये जमा कर, तुझ्या कपाटात नको.

आता डीएनए. पानाच्या दहापट वजनाचं सिलिका जेल घे. चोवीस तासांत पान कुडकुडीत व्हायला हवं. वाकत असेल तर जेल बदल. पावसाळ्यात निळे दाणे बघता बघता गुलाबी होतात. असं वाळवलेलं पान शॉर्ट रीडला, म्हणजे डीएनएचे छोटे तुकडे वाचायला, चालतं. लाँग रीडला, म्हणजे लांब तुकड्यांना, मात्र कोवळं पान, तोडल्या तोडल्या द्रव नायट्रोजनमध्ये. सीटॅबमध्ये (डीएनए काढायच्या द्रावणात) २ टक्के पीव्हीपी (पानातली फिनॉलं धरून ठेवणारी पूड) घाल, मीठ १.४ मोलरच्या खाली नको, पाण्याचं तापमान ६० ते ६५ अंश. मांसल पानातला चिकट गाळ डीएनएबरोबरच खाली बसतो आणि पिपेट ओढत नाही. डीएनए किती ते नॅनोड्रॉप प्रकाश शोषण्यावरून मोजतो, क्यूबिट फक्त डीएनएला चिकटणाऱ्या रंगावरून. नॅनोड्रॉपचा आकडा क्यूबिटच्या दुप्पट आला तर आनंदू नकोस. ती वाढ डीएनएची नव्हे, गाळाची किंवा आरएनएची. पुन्हा स्वच्छ कर.

लाँग रीडचे पैसे भरण्याआधी फ्लो सायटोमेट्रीने (रंगवलेल्या पेशीकेंद्रांची चमक मोजून) जीनोमचा आकार काढ (१ पिकोग्रॅम डीएनए म्हणजे ९७८ एमबी, एक एमबी म्हणजे दहा लाख अक्षरं). मग सुमारे ३०पट शॉर्ट रीडवर २१ अक्षरांचे के-मर (डीएनएचे ठरावीक लांबीचे तुकडे) मोज, हेटरोझायगोसिटी, म्हणजे आईबापांकडून आलेल्या दोन प्रतींत फरक किती, ते कळेल. पॉलिप्लॉइडी (गुणसूत्रांचे दोनाहून जास्त संच) असेल तर के-मरचा आलेख फसवतो, तेव्हा मुळाच्या टोकातली गुणसूत्रंही मोज.

आणि संवर्धन म्हणतेस, तर एका वेलीचा सुंदर जीनोम काढून वेली वाचत नाहीत. प्रत्येक ठिकाणच्या पंधरा-वीस वेलींचं कमी खर्चाचं रीसीक्वेन्सिंग (त्याच जीनोमशी ताडून पुन्हा वाचन) कर, अंतःप्रजनन किती ते त्यातून दिसेल. तिथेही प्रत्येक ठिकाणची निदान एक शीट, बाकी वेलींचे क्रमांकासह फोटो. डेटाबेसात नमुना नोंदवताना व्हाउचरचा, म्हणजे या शीटच्या क्रमांकाचा, रकाना असतो, तो रिकामा सोडलास तर मला पेपरची प्रत पाठवूसुद्धा नकोस.

वनखात्याचा अर्ज मे महिन्यातच दे. फाईल हलेपर्यंत फुलं गळतात. आणि जाताना नमुने दाबायला जुनी वर्तमानपत्रं ने, रोज बदलायला लागतात. त्यातल्या गुळगुळीत पुरवण्या मात्र काढून टाक, त्या पाणी शोषत नाहीत.