पदक ‘पाडतात’ की ‘ओततात’?

प्रश्न असा आहे: इटलीतल्या प्रबोधनकाळातल्या ‘पोर्ट्रेट मेडल’ला, म्हणजे एखाद्याचा चेहरा असलेल्या धातूच्या चकतीला, मराठीत काय म्हणावे, आणि ‘पिसानेल्लोने सम्राटाचे पदक पाडले’ हे वाक्य बरोबर आहे का? (पिसानेल्लो हा पंधराव्या शतकातला इटालियन चित्रकार आणि पदककार.)

आधी क्रियापद पाहू, कारण चूक तिथेच आहे. पाडायचे ते नाणे. दोन ठशांमध्ये धातूची चकती ठेवून वरून घाव घातला की नाणे पडते. पिसानेल्लोची पदके मात्र ओतीव आहेत. चकतीवर मेणाने चेहरा घडवायचा, कडेने अक्षरे बसवायची, दोन्ही बाजूंचा साचा घ्यायचा आणि त्यात ब्राँझ किंवा शिसे ओतायचे. म्हणून बायझंटाइन सम्राट आठव्या जॉनचे त्याने केलेले पदक (सुमारे १४३८) तळहाताएवढे आणि चांगले उठावदार झाले. हातोड्याच्या घावाने एवढा उठाव येत नाही. धातू निवताना आकसतो. त्यामुळे तयार पदकावरूनच साचा घेऊन ओतलेली प्रत मुळापेक्षा किंचित लहान भरते, अक्षरेही बोथट होतात. संग्रहालयाच्या सूचीत व्यास मिलिमीटरमध्ये दिलेला असतो तो यासाठीही; भाषांतरात तो आकडा ‘सुमारे’ करून टाकू नये. सोळाव्या शतकात ठशाची पदकेही निघाली. त्यांना ‘पाडले’ चालेल.

नाम ‘पदक’च ठेवावे. जुन्या मराठीत हा गळ्यातला दागिना, आता पटकावायची वस्तू. इथे दोन्ही अर्थ लागू नाहीत. ही पदके प्रामुख्याने हातात घेऊन, उलटून पाहायची. म्हणून पहिल्यांदा ‘व्यक्तिचित्र-पदक’ आणि पुढे नुसते ‘पदक’ लिहावे. ‘स्मृतिपदक’ नको, माणूस वारल्यासारखे वाटते. मागच्या बाजूला ‘पृष्ठभाग’ तर नकोच: त्याचा अर्थ वरचा थरही होतो (आणि बसायची जागाही).

‘प्रदान केले’ हेही खटकते. तो सत्कार समारंभ झाला. ‘भेट दिले’, ‘भेटीदाखल पाठवले’ पुरे. ‘नजराणा’ धाकट्याने थोरल्यापुढे ठेवायचा, आणि इथे बऱ्याचदा उलट असे: पदकावरचा धनीच आपला चेहरा मित्रांना, दरबाऱ्यांना, शेजारच्या राजांना वाटत असे. इटलीतल्या फेराराचा शासक लिओनेल्लो देस्ते याच्या १४४४ च्या लग्नाच्या पदकावर त्याच्या नावासोबत लॅटिन संक्षेपात ‘अरागॉनच्या राजाचा जावई’ असे लिहिले आहे. मागच्या बाजूला मदन एका सिंहाला गाणे शिकवतो. लिओनेल्लो म्हणजे छोटा सिंह. मराठी मथळ्यात ‘जावई’ हा शब्द गाळू नका, पदकाचा राजकीय मजकूर तोच आहे.