आरतीतून उठले, देव कोपला का?

"मावशी, आमचं गाव चोपडा तालुक्यात. सासूबाईंना लकवा मारल्यापासून त्या अंथरुणाला खिळल्या आहेत, त्यांचं सगळं मीच करते. यंदा घरात कानबाई देवी बसली. आरती चालू असताना सासूबाईंनी आवाज दिला. अंथरूण खराब झालं होतं, म्हणून मी उठले. भाऊबंदांतल्या बाया म्हणाल्या, 'कानबाईसमोरून असं उठू नये.' तेव्हापासून मन खात राहतं. आधी धुपाचा वास आला तरी डोळे भरून यायचे, आता देवापुढे उभी राहते आणि काहीच वाटत नाही. सासूबाईंचे पाय चोळताना मात्र त्या कधीकधी चांगल्या हाताने माझा गाल चाचपतात, तेव्हा रडू आवरत नाही. देव माझ्यावर कोपला का?"
— एक सून

पोरी, कोपला नाही. हे आधी सांगून टाकते, म्हणजे आजची रात्र तरी तुला झोप लागेल.

आपली कानबाई कशी येते ते आठव. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला नथ-दागिने घालून तिला चौरंगावर बसवायचं. रोटासाठी, म्हणजे देवीच्या नैवेद्यासाठी, मुठींनी मोजून गहू घ्यायचे, ते दळायचे. मग पुरणपोळ्या, खीर, गंगाफळाची भाजी. रात्रभर गाणी, आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर निरोप. यात हाताने, नाकाने, कानाने, जिभेने अनुभवायचं नाही असं काय आहे? खान्देशातल्या बायांनी देवीला कायम असंच ओळखलं आहे, ओल्या पिठात हात घालून. आणि तुमच्या घरात ही कानबाई ज्यांनी वर्षानुवर्षं बसवली असेल, त्या तर आतल्या खोलीत पडून होत्या. तू देवीसमोरून उठून त्यांच्याकडे गेलीस. माझ्या मते त्या रात्रीची पूजा तिथेच झाली.

पण मी तुला खोटं सांगणार नाही. मलमूत्राचा वास हा वासच असतो, त्यात सुगंध शोधायला जाऊ नकोस. किळस आली म्हणून स्वतःला पापी समजू नकोस. किळस येऊनही हात थांबत नाहीत, एवढं पुरेसं आहे.

1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी कैद्यांपुढे गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. त्यात विनोबांनी सांगितलं होतं की बाहेरच्या कर्मात आतून मन ओतलं की त्या कर्माचं ओझं राहत नाही. पाय चोळताना तुझं तेच होत असावं. तेलाचा वास, त्या पायांची सुकलेली कातडी, गालावर आलेला तो हात. धुपापुढे कोरडे राहिलेले तुझे डोळे तिथे भरतात, म्हणजे तुझी भक्ती आटलेली नाही. ती तिथे आहे. त्या वेळी मनात नाव घ्यायचं असेल तर घे. नाही सुचलं तरी चालेल.

आता मला खरी काळजी वाटते ती दुसऱ्याच ओळीची. "त्यांचं सगळं मीच करते." तुझ्या पत्रात नवरा नाही, दीर नाही, नणंद नाही. अंथरुणावरच्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर पाठीला, माकडहाडाला, टाचांना जखमा होतात. हे रात्रीसुद्धा एकटी करत असशील तर धुपाच्या वासाने काही न वाटणं यात देवाचा काय दोष? महिनोन्‌महिने झोप मोडली की माणसाचं मन बधिर होतं. आपलं प्रेम म्हणून तू जे देते आहेस, ते मोलाचं आहे. बाकीच्यांनी अंग काढून घेतलं म्हणून जे तुझ्यावर पडलंय, त्याला त्यागाचं नाव देऊन गप्प बसू नकोस.

तेव्हा नवऱ्याला समोर बसवून सांग: रात्रीची एक पाळी तुमची. कूस कशी बदलायची, पाठ कशी पुसायची ते त्याला तूच हाताला धरून शिकव. ते त्याच्या आईचं अंग आहे, त्यालाही त्या स्पर्शाचा हक्क आहे. नणंदेला आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येशील तेव्हा चार दिवस जास्त राहा म्हण. आणि तू एक दिवस मुक्ताईनगरला जाऊन ये, एकटी. तापीकाठी जिथे मुक्ताई विजेच्या कडकडाटात गुप्त झाली असं वारकरी मानतात, त्या भागात नुसती बसून राहा. काही मागू नकोस.

झोप मिळूनही मन असंच सुन्न राहिलं, जगणं नकोसं वाटायला लागलं, तर 14416 वर फोन कर. मनाच्या आजारांसाठीची ही सरकारी सेवा आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तो फोन करणं म्हणजे श्रद्धा कमी पडली असं नव्हे.

त्या भाऊबंदांतल्या बायांना उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नकोस. पुन्हा कोणी बोललंच, तर सासूबाईंची कूस बदलायला एक हात दे म्हणून त्यांनाच आत बोलव.