डाएट चार्टच्या पलीकडचं पोषणशास्त्र

बारावी सायन्सनंतर पोषणशास्त्राला जावं का, त्यातली ‘शाश्वत अन्नव्यवस्था’ म्हणजे काय आणि त्यासाठी सोलापूर सोडावं लागेल का, असं तू विचारलंयस. घरचे ‘शेवटी डाएटिशियनच ना?’ म्हणतात, हेही लिहिलंयस. मी यातच एम.एस्सी. केलं, आता शिकवते, म्हणून जरा सविस्तर.

केमिस्ट्री आवडत नसेल तर इथंच थांब. हा स्वयंपाकाचा विषय समजून आलेल्या मुली (हल्ली मुलंही) बायोकेमिस्ट्रीच्या पेपरला गार पडतात. आपलं भाकरी-वरणच घे. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन हे अमिनो आम्ल (प्रथिनाचा एक घटक) कमी. तुरीच्या डाळीत ते चांगलं, पण मेथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल कमी, ते ज्वारी भरून काढते. ज्वारीत 100 ग्रॅमला साधारण 4 मिलिग्रॅम लोह असतं, पण फायटेट या धान्यातल्याच, लोह अडकवून ठेवणाऱ्या घटकामुळे त्यातलं थोडंच अंगी लागतं. वर लिंबू पिळलं की शोषण वाढतं, आणि जेवल्या जेवल्या चहा ढोसला की घटतं. म्हणजे रक्त कमी असलेल्या बाईला नुसतं ‘लोह असलेलं खा’ सांगून भागत नाही.

आता दुसरा भाग, ‘शाश्वत अन्नव्यवस्था’. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, मालदांडी 35-1 हे वाण मोहोळचं. रब्बीची ज्वारी काळ्या रानातल्या ओलीवर निघते, वर जनावरांना कडबा. आपल्याकडे पाऊस सरासरी 550 मिमीच्या आसपास. उसाला लागतं 1500 ते 2500 मिमी पाणी. तरी उजनी धरणाचं पाणी आलं की ऊसच का लागतो? शेतकऱ्याला कळत नाही म्हणून नाही. उसाला एफआरपी (कारखान्यानं द्यायलाच हवा असा सरकारनं ठरवलेला किमान दर) आहे, तोडणी-वाहतूक कारखाना बघतो. ज्वारीला हमीभाव जाहीर होतो, पण खरेदी होईलच असं नाही, आणि काढणीला माणसं मिळता मिळत नाहीत. त्यात रेशनवर वर्षानुवर्षं गहू-तांदूळ. पाणी, भाव, मजुरी, रेशन आणि ताट हे सगळं एकत्र धरून अभ्यासायचं, ही झाली अन्नव्यवस्था. 2023 च्या भरडधान्य वर्षात ज्वारीच्या कुकीज मॉलमध्ये आल्या. तेवढ्यानं पेरा वाढत नसतो.

माझं स्पष्ट मत: पदवीला ‘सस्टेनेबल’ नावाच्या मागे लागू नकोस. आधी पोषण किंवा बायोकेमिस्ट्रीचा पाया पक्का कर, व्यवस्थेचा भाग एम.एस्सी.ला घे. परभणीच्या कृषी विद्यापीठात सामुदायिक विज्ञान (पूर्वीचं गृहविज्ञान, त्यात पोषण येतं) आहे आणि शेती शेजारीच, म्हणून मला ते आवडतं. मुंबई-पुण्यात एसएनडीटी महिला विद्यापीठ आहे. पुढे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत अप्लाइड न्यूट्रिशनची एम.एस्सी. आहे, तिची पात्रता आत्ताच वाचून ठेव, म्हणजे पदवीचे विषय चुकणार नाहीत. फूड टेक्नॉलॉजी वेगळी, ती कारखान्याकडे जाते. आणि ऑनलाइनच्या दीड महिन्याच्या ‘न्यूट्रिशनिस्ट’ सर्टिफिकेटवर पैसे घालवू नकोस.

डाएटिशियनही वाईट नाही, घरच्यांना सांग. फक्त त्यासाठी पुढचं शिक्षण, इंटर्नशिप आणि इंडियन डायटेटिक असोसिएशनची परीक्षा धरून चालावं लागतं.

कॉलेज बघायला जाशील तेव्हा इमारत बघू नकोस, लॅब बघ. प्रथिनं मोजायचं केल्डालचं प्रॅक्टिकल मुलं स्वतः करतात की सर करून दाखवतात, हे तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलींनाच विचार. प्रवेशाच्या खिडकीवर खरं उत्तर मिळणार नाही.