अँड्रॉइडवर चालणारा जुना कॅमेरा आता घ्यावा का?
बेळगावच्या शिवजयंतीचे चित्ररथ टिपून जागच्या जागी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायला सेकंडहँड गॅलेक्सी कॅमेरा घेऊ का, असं विचारलंय. नका घेऊ. २०१२ साली सॅमसंगचा हा कॅमेरा भारीच वाटायचा: २१ पट ऑप्टिकल झूम, सिम कार्डाची सोय, वर अँड्रॉइड ४.१. गोची तिथंच आहे. लेन्स अजून चालेल हो, पण एवढ्या जुन्या अँड्रॉइडवर आज व्हॉट्सअ‍ॅप चालत नाही. शिवाय सेन्सर (प्रकाश टिपणारा भाग) १/२.३ इंचाचा, साध्या खिशातल्या कॅमेऱ्याएवढाच लहान. त्यामुळे रात्रीच्या मिरवणुकीत फोटो खरखरीत येणार. (निकॉनचा असाच अँड्रॉइडवाला कॅमेरा एस८००सी तर त्याहून जुन्या अँड्रॉइड २.३ वर, त्याचं नावच नको.) त्यापेक्षा वाय-फायवाला साधा कॅमेरा बघा. कॅमेऱ्यातले फोटो वाय-फायने फोनमध्ये उतरवायचे, तिथून पाठवायचे.