कपातीची नोटीस मागे घेतली, पण कलम 4 वाचलं का?

हंगाम उतरला की अशी पत्रं येऊ लागतात. हे घाटंजी तालुक्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंगच्या फिटरचं. 2014 च्या जुलैपासून बारमाही नोकरी; कापूस येतो तोवर मशीन चालू ठेवायची आणि पावसाळ्यात उघडून दुरुस्त करायची. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिना 13,000. यंदा 2 फेब्रुवारीला कपातीची, म्हणजे नोकरीवरून कमी करण्याची, नोटीस मिळाली, 5 मार्चपासून काम बंद. मग 23 फेब्रुवारीला मालकाचं स्पीड पोस्टाचं पाकीट आलं, ते यांनी पोस्टमनकडे परत दिलं. पुढे मुनीमजींनी त्याच पत्राची झेरॉक्स आणि एक नेमणूकपत्र हातात ठेवलं: नोटीस मागे घेतली आहे, 32 किलोमीटरवरच्या आमच्या दुसऱ्या जिनमध्ये गाठींच्या नोंदी ठेवायचं काम आहे, पगार तोच, 9 मार्चला हजर व्हा. यांचा प्रश्न: "ते काम नाही घेतलं त माही भरपाई बुडते का?"

भाऊ, तुम्ही पाठवलेल्या फोटोत नेमणूकपत्राची खालची घडी उघडलेलीच नव्हती. दुसऱ्यांदा फोटो मागवला तेव्हा घडीखालचं कलम 4 दिसलं: "ही नेमणूक सर्वस्वी नवीन समजण्यात येईल व पूर्वीच्या सेवेचा कोणताही लाभ मिळणार नाही." तुमचं सगळं या एका ओळीवर ठरणार आहे, आणि तुमच्या पत्रात तिचा उल्लेखही नाही.

मालकाचे दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचा. एक म्हणतो, नोटीस मागे घेतली. म्हणजे कपात झालीच नाही, म्हणून कपातीची भरपाई नाही. दुसरा म्हणतो, नेमणूक नवी. म्हणजे जुनी नोकरी संपली. ती संपली असेल तर पैसे द्या, आणि संपली नसेल तर सेवा अखंड धरा. दोन्ही टाळायची सोय कायद्यात नाही. पण तुम्ही कलम 4 खाली सही केलीत, तर ती सोय तुम्हीच त्यांना करून दिली असं होईल.

किती जातं ते बघा. तुमची सेवा 11 वर्षं 8 महिन्यांची. वरचे महिने सहापेक्षा जास्त असल्याने ती 12 वर्षं धरली जाते. कपातीची भरपाई दर वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार, म्हणजे 6,500 गुणिले 12, 78,000 रुपये. ग्रॅच्युइटीत महिन्याचे 26 दिवस धरतात, म्हणून ती 90,000 होते. आणि याहून मोठं नुकसान पुढच्या वर्षीचं आहे. कपातीत त्याच कामावरचा शेवटी लागलेला माणूस साधारणपणे आधी जातो. नवी नेमणूक मान्य केलीत की शेवटी लागलेले तुम्हीच. तेव्हा वर्षही भरलेलं नसेल, तर भरपाईही नाही आणि ग्रॅच्युइटीही नाही.

"पर्यायी काम नाकारलं तर भरपाई मिळत नाही" असं मुनीमजी म्हणाले, ते ले-ऑफचं, म्हणजे नोकरी कायम ठेवून काम तात्पुरतं थांबवण्याचं, कलम आहे. औद्योगिक संबंध संहिता, 2020 मध्ये ते कलम 69, आणि तिथेही पर्यायी काम त्याच गावात किंवा आठेक किलोमीटरच्या आत असावं लागतं. हंगामी कारखान्याला तर ते लागूही होत नाही. कपात कलम 70 खाली येते, आणि ती टिकायची तर महिन्याची नोटीस आणि भरपाई दोन्ही लागतात. भरपाई तुम्हाला दिलेली नाही. ही संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे. आधीच्या 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यातही हे असंच होतं.

आता पाकिटाबद्दल. "घेतलंच नाही त लागू कसं होते?" असं तुम्ही लिहिता. लागू होतं. बरोबर पत्त्यावर आलेलं टपाल नाकारलं की ते मिळालं असंच कोर्ट धरतं. हे मी वर्षानुवर्षं सांगत आलोय आणि तरी दर हंगामात कोणीतरी पाकीट परत करतंच. याचा मला मनापासून राग येतो. तुमच्या पाकिटावर "घेण्यास नकार, 23/2" असा पोस्टमनचा शेरा आहे. तो आता दोन्हीकडे चालेल. 9 तारखेचा निरोप मिळूनही तुम्ही आठ दिवस घरी बसलात, हे त्यावरून मालक दाखवेल. पण नोटीस 5 मार्चच्या आत, नोकरी चालू असतानाच मागे घेतली गेली, हेही त्यावरूनच दिसतं. मग सेवा तुटली कुठे? तुमची बाजू इथे भक्कम आहे.

म्हणून आजच्या आज हाताने चार ओळी लिहा: "कपातीची नोटीस मागे घेतल्याचे मला मान्य आहे. जुलै 2014 पासूनची माझी सेवा अखंड धरून मी कामावर हजर होत आहे. नेमणूकपत्रातील कलम 4 मला मान्य नाही. कामाचे ठिकाण व स्वरूप याबाबतचे माझे हक्क राखून ठेवतो." तारीख घाला, सही करा, झेरॉक्स ठेवा, पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा. एक प्रत जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात देऊन शिक्का घ्या. दुसऱ्या दिवशी नव्या जिनवर जा आणि हजेरीपटावर सही करा. आत घेतलं नाही तर त्याच दिवशी तेही लेखी कळवा.

फिटरला नोंदी ठेवायला बसवता येतं का, 32 किलोमीटरवर बदली करता येते का, हे तुमच्या 2014 च्या मूळ नेमणूकपत्रावर आणि कारखान्याच्या स्थायी आदेशांवर, म्हणजे नोकरीच्या अटींच्या लेखी नियमांवर, अवलंबून आहे. ते कागद पाहिल्याशिवाय मी हो किंवा नाही म्हणणार नाही. तो वाद कामावर राहूनही लढता येतो. घरी बसून लढलात तर "हा स्वतःच काम सोडून गेला" हे खोडण्यातच वर्षं जातील, कारण तारखा कशा पडतात ते यवतमाळला खेटे घालणाऱ्या कोणालाही विचारा. वाद नेण्याची मुदत आता तीनऐवजी दोन वर्षं आहे. तिच्या भरवशावर राहू नका.

आणि सही न केलेलं ते नेमणूकपत्र मुनीमजींना परत देऊ नका. मागितलंच तर झेरॉक्स द्या.