सिक्वेन्सची लिमिट काढताना नेमकी सुरुवात कुठून करायची?

तुम्ही विचारलंय की एफवायच्या (बीएस्सीच्या पहिल्या वर्षाच्या) कॅल्क्युलसमधे प्रत्येक सिक्वेन्सची, म्हणजे ओळीने येणाऱ्या पदांची, लिमिट (पदं ज्या आकड्याच्या जवळ जवळ जात राहतात तो) काढायला वेगळीच ट्रिक लागते, डायव्हर्जंट म्हणजे इन्फिनिटीलाच जाणारी का, आणि √(एन²+एन) − एन चं उत्तर तुमचं शून्य येतंय पण पुस्तकात १/२ आहे. मी जळगावला बीएस्सीच्या पोरांचे गणिताचे क्लास घेतो, हे तिन्ही प्रश्न दरवर्षी येतात, त्यामुळे सवडीने लिहितो.

आधी तुमचं गणित. तुम्ही बहुतेक असं केलंय की एन² पुढे एन किरकोळ, म्हणून मुळातून एन बाहेर आला, एन वजा एन शून्य. पण इन्फिनिटी वजा इन्फिनिटी म्हटलं की काहीही येऊ शकतं, तिथे किरकोळ वाटणारंच उत्तर ठरवतं. एन = १०० टाकून बघा, √१०१०० म्हणजे १००.४९८८ च्या आसपास, त्यातून १०० गेले की ०.४९८८. म्हणजे शून्य नाहीच. आता रॅशनलाईज करा, म्हणजे वरखाली √(एन²+एन) + एन ने गुणा, वर एन उरतो, खाली √(एन²+एन) + एन, वरखाली एनने भागलं की खाली √(१+१/एन) + १, ते जातं २ कडे, झालं १/२. मुळांची वजाबाकी दिसली की रॅशनलाईज, बहुपदी भागिले बहुपदी असेल तर खालच्या मोठ्यात मोठ्या पॉवरने भागायचं, म्हणून (३एन²+५एन)/(२एन²−७) चं ३/२. यात डोकं खाजवण्यासारखं काही नाही.

आता डायव्हर्जंट. क्लासमधे कोणीतरी विचारतंच, "सर, बठ्ठं इन्फिनिटीच शे का?" म्हणजे सगळं इन्फिनिटीलाच जातं का? तर नाही. कन्व्हर्ज होत नाही, म्हणजे एका ठराविक आकड्याकडे जात नाही, ते सगळं डायव्हर्जंट, एवढाच अर्थ. १, −१, १, −१ ही जळगाव-भुसावळ अपडाऊन करणाऱ्यासारखी, लांब कुठे जात नाही पण मुक्कामही कुठेच नाही. अशी सिक्वेन्स आली की सम आणि विषम पदं वेगळी काढा. (−१) चा एनवा घात गुणिले एन/(एन+१) घेतली तर सम पदं १ कडे जातात, विषम −१ कडे, दोन सबसिक्वेन्सच्या लिमिट वेगळ्या म्हणजे मूळ सिक्वेन्स डायव्हर्जंट, एका ओळीत प्रूफ संपलं.

मार्क खरे जातात ते मागच्या पदावरून पुढचं पद दिलेलं असतं तिथे. पहिलं पद √२ आणि पुढचं पद = √(२ + मागचं पद). पोरं लगेच लिमिट एल मानतात, एल² = २ + एल सोडवतात, २ आणि −१ मिळतात, २ लिहून मोकळे. उत्तर बरोबर, पण लिमिट आहे हे कुठे दाखवलं? आता ही बघा: पहिलं पद २, पुढचं = ३ गुणिले मागचं, वजा २. एल = ३एल − २, म्हणून एल = १. आणि प्रत्यक्षात पदं काय, तर २, ४, १०, २८, सुसाट वर! समीकरणाने बिनदिक्कत १ दिलं कारण तुम्ही लिमिट आहे असं धरूनच चाललात. म्हणून मुळाच्या गणितात आधी इंडक्शनने (पहिल्या पदाला खरं, आणि एका पदाला खरं तर पुढच्यालाही खरं, असं) दाखवायचं की सगळी पदं २ पेक्षा लहान आणि सिक्वेन्स वाढती आहे (१.४१४, १.८४८, १.९६२, १.९९०...), वाढती आणि वरून बाउंडेड म्हणजे कन्व्हर्जंट, मग एल काढायचा.

कॅल्क्युलेटरने अंदाज घ्या पण प्रूफ म्हणून नको. १ + १/२ + १/३ + ... ही बेरीज १० च्या वर जायला १२३६७ पदं लागतात, बघणाऱ्याला वाटतं थांबली, पण ती डायव्हर्जंट आहे, चौदाव्या शतकात ओरेम या फ्रेंच विद्वानाने पदांचे गट पाडून दाखवलं की प्रत्येक गट निदान १/२ तरी भरतो.

आणि हो, लॉपिताल (वरचं आणि खालचं डेरिव्हेटिव्ह घेऊन लिमिट काढायचा नियम) वापरायचा असेल तर एनच्या जागी एक्स घेऊन फंक्शनवर वापरा, एन पूर्णांकांवरच उड्या मारतो, त्याचं डेरिव्हेटिव्ह कसलं काढता. फंक्शनला लिमिट मिळाली तर तीच सिक्वेन्सची, पण फंक्शनला नाही म्हणून सिक्वेन्सलाही नाही असं लिहू नका, साइन(πएक्स) वरखाली होत राहतं आणि साइन(πएन) मात्र प्रत्येक एनला शून्यच.