वाचकांचे प्रश्न : कान्हेरीचे पाणी, कारवीचा बहर

प्रश्न : बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीला लेण्यालेण्यापाशी पाण्याची टाकी आहेत. इतक्या उंचावर पाणी यायचे कुठून? मुलांना ते कधी दाखवावे?

उत्तर : सगळे पाणी पावसाचे. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पण तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. लेण्यांत राहणाऱ्या बौद्ध भिक्षूंना तो उरलेले आठ महिने पुरवायचा होता. म्हणून लेण्याच्या वरच्या कातळात उतरत्या पन्हळी कोरल्या. त्यामुळे पागोळ्या ओसरीत पडत नाहीत आणि अडवलेले पाणी कडेच्या टाक्यात जाते. बऱ्याच टाक्यांचे तोंड लहान आणि पोट कातळाखाली आत गेलेले असते. आत ऊन पोचत नाही, पाणी कमी उडते. टाकी दान केल्याच्या नोंदी तिथल्या शिलालेखांत आहेत, आणि कल्याणच्या दात्यांची नावेही.

जुलै-ऑगस्टमध्ये सर ओसरताच पाहा. टाक्यापासून सुरुवात करून पाणी कुठून आले ते उलट वर शोधत जा. मुलांना हे फार आवडते. बहुतेक लोक तीन क्रमांकाचे चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेले प्रार्थनागृह, पाहून मागे फिरतात. ही रचना समजते ती मात्र वरच्या लेण्यांत, तेव्हा पायऱ्या चढाच. नव्वदाव्या लेण्यात तर १००९ आणि १०२१ सालचे पहलवी या जुन्या इराणी भाषेतले लेखही आहेत. पन्हळीत पाला किंवा वेफर्सचे पाकीट अडकले की पाणी काठावरून दर्शनी कोरीवकामावर ओघळते, म्हणून कचरा खिशातच ठेवा.

पायऱ्यांवर शेवाळ असते. खोल खाचांच्या तळाचे बूट घाला. ओढ्यात अजिबात उतरू नका. कातळात पाणी मुरत नाही, माथ्यावर जोराची सर आली की लोंढा लगेच खाली येतो. प्रवेशद्वारापासून लेणी सुमारे सहा किलोमीटरवर आहेत. सोमवारी उद्यान बंद असते.

प्रश्न : तिथली कारवी पुन्हा कधी फुलेल?

उत्तर : कारवीचे झुडूप सात वर्षे नुसते वाढते आणि आठव्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सगळीकडे एकदम फुलते. २०१६ नंतर २०२४ला बहर आला, म्हणजे पुढचा २०३२च्या सुमारास. चुकार झुडपे मधल्या वर्षीही फुलतात. फुलून गेलेले झुडूप वाळते, पण बोंडे त्यावरच राहतात आणि पुढच्या पावसाच्या ओलीने तडकून बी उडवतात. तेव्हा वाळलेल्या काटक्या मोडू नका.